साडेपाच तासांचा फरक

मनुष्यस्वभावाची एक जुनी खोड अशी की, काही बिघडले म्हणजे ‘काय बिघडले?’ हा प्रश्न त्यास मागाहून सुचतो, ‘कोणी बिघडवले?’ हा आधी. गुरुविद्यालयात आम्हांस दोन वर्षे तर्कशास्त्र शिकविण्यात आले. एका घटनेमागून दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यातील अगदी प्राथमिक धडा. आपल्याकडे त्यास काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून फळ कावळ्याने पाडले असे होत नाही. परीक्षेत या प्रश्नास आम्हांस चांगले गुण मिळाले होते. पुढे तीसेक वर्षांनी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका सर्व्हरने आमची त्याच विषयात फेरपरीक्षा घेतली, आणि तीत आम्ही साफ नापास झालो. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या धर्मग्रामास जोडून मुलांचे एक वसतिगृह आहे. त्यातील बहुतेक मुले ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बैलगाड्या, चुली, अंथरुणे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ती परततात ते उन्हाळ्याच्या तोंडी. त्या पाच-सहा महिन्यांत मुलाचे शाळेत नाव राहावे, पोटात अन्न राहावे, एवढ्यासाठी हे वसतिगृह. मुलांचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत त्याची नोंद आणि मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक, हे सारे आम्ही एका सर्व्हरवर ठेवले होते. एका हितचिंतकाने त्यांच्या कचेरीतून निवृत्त झालेले हे यंत्र आम्हांस दिले. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रेही त्याच्या पोटात होती. मूळ वह्या कपाटात सुरक्षित होत्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

ज्या खोलीत हे यंत्र ठेवले ती पत्र्याच्या छपराची. अशी यंत्रे सामान्यतः पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत चालावीत अशा हिशेबाने घडविलेली असतात. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांतील दुपार या हिशेबात बसत नाही, आणि पत्र्याखालची दुपार तर मुळीच नाही. पण हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

२०१९ चा तो उन्हाळा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. गावोगाव टँकर फिरत होते, जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. एप्रिलच्या आरंभी सर्व्हर अधूनमधून आपोआप बंद पडू लागला. दुपारी चार वाजता लेखनिक येऊन कचेरी उघडत, तो यंत्र निपचित पडलेले. कळ दाबली की मुकाट्याने चालू होई. पुढे एकदोन दिवस ठीक, की पुन्हा तेच. समोरच्या बाजूस एक तांबूस दिवा लुकलुकत असे. तो डिस्कच्या शेजारी असल्यामुळे डिस्कचाच असावा, असे आम्ही ठरवून टाकले.

ज्यास काही कळत नाही त्यास उपाय मात्र पुष्कळ सुचतात. वायरमनने न्यूट्रल व अर्थिंग यांमधील दाब मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, तो अकरा भरला. दुष्काळात जमीन खोलवर सुकली होती, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यातील कोळसा-मिठाचा थरही कोरडा ठणठणीत झाला होता. त्यात दोन बादल्या पाणी ओतावे लागेल, असे तो म्हणाला. बाहेर टँकरच्या पाण्यासाठी घागरींची रांग लागलेली असताना दोन बादल्या पाणी जमिनीत ओतताना हात अडखळला, तरी ओतले. त्याच दिवशी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. त्याच दिवशी रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, पुन्हा बसविल्या. दुसऱ्या दिवसापासून यंत्र जे सुरळीत चालू लागले ते चार दिवस थांबले नाही. आम्ही कृतकृत्य झालो.

येथे दोन चुका एकदम घडल्या. तीन उपाय एकाच दिवशी केल्यामुळे, गुण आलाच असेल तर तो कोणत्या औषधाचा, हे कळण्याची वाट आम्हीच बंद करून घेतली. दुसरी चूक याहून मोठी. त्या चार दिवसांत आभाळ भरून आले होते, वळवाच्या दोन सरी पडल्या होत्या आणि खोलीतील हवा बरीच निवली होती. उपचार आम्ही केला आणि गुण आभाळाने दिला. पाचव्या दिवशी ऊन पूर्ववत कडाडले आणि यंत्र पुन्हा बंद पडले.

आता संशय माणसाकडे वळला.

कचेरीचे सकाळचे काम एक तरुण पाहत असे. पाचवीत असताना तो वसतिगृहात आला; आईबाप ऊसतोडीचे; आता महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी नऊ ते बारा तो कचेरीत बसे, मग जेवून ग्रंथालयात जाई. सकाळी आम्ही वस्त्यांवर भेटीस जात असल्याने त्या तीन तासांचा दुसरा साक्षीदार नव्हता. अशा यंत्रात एक लहानशी स्वतंत्र चकती असते. मुख्य यंत्र बंद पडले तरी विजेची तार जोडलेली आहे तोवर ती जागी राहते आणि घडलेल्या गोष्टींची वेळेसह नोंद ठेवते. ही नोंद कशी उघडावी हे आम्हांस दूरध्वनीवरून समजले. आम्ही ती उघडली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. यंत्र बंद, वेळ ९ वाजून ३१ मिनिटे. मागील प्रसंग पाहिले. ९.४०. ९.१८. एकदा ९.५२.

म्हणजे सकाळी कामावर यावे, यंत्र बंद करावे आणि निघून जावे, असा प्रकार असला पाहिजे. आम्ही त्यास बोलाविले.

“फादर, मी बाराला निघालो तेव्हा ते चालूच होतं,” तो म्हणाला.

“मग यंत्र खोटे बोलते काय?”

यावर तो काही बोलला नाही. आम्ही त्याच्या मौनासही कबुली समजलो. कामाच्या बाबतीत अप्रामाणिकपणा आम्हांस खपणार नाही, असे दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली लेखनिकांच्या टेबलावर ठेवली आणि आपली ट्रंक घेऊन तो गेला. निरोप घेण्यास तो आमच्याकडे आला नाही. तेही आम्ही त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात जमा केले.

त्यानंतर यंत्र पाच दिवसांत तीनदा बंद पडले.

सहाव्या दिवशी आम्ही वस्तीवरची भेट पुढे ढकलली आणि प्रार्थनेचे पुस्तक, एक वही व पाण्याचा तांब्या घेऊन सकाळी आठपासून त्या खोलीत ठाण मांडले. साडेनऊ वाजले, यंत्र चालू. बारा वाजले, चालू. दोननंतर पत्रा तडतडू लागला. आतून येणारा घरघराट वाढला, मग त्यातील एक सूर एकाएकी नाहीसा झाला. थोड्याच वेळाने सारे शांत. मनगटावरील घड्याळात तीन वाजून चार मिनिटे झाली होती. आम्ही यंत्र चालू करून नोंद उघडली. शेवटची ओळ: यंत्र बंद, वेळ ९ वाजून ३४ मिनिटे.

वहीवर दोन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि वजाबाकी केली. साडेपाच तास. बरोबर साडेपाच तास.

वाचकांस ठाऊक आहेच की, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते आणि ग्रीनिचच्या वेळेपेक्षा ती साडेपाच तास पुढे असते. १९०६ च्या १ जानेवारीपासून ती लागू झाली, तरी मुंबईने आपली निराळी वेळ पुढे जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९५५ पर्यंत, चालू ठेवली होती. तेव्हा एकाच देशात दोन घड्याळे असणे ही आपणांस नवी गोष्ट नव्हे. देशोदेशीची यंत्रे एकमेकांशी बोलताना गोंधळ नको, म्हणून अशा चकत्यांचे घड्याळ पुष्कळदा ग्रीनिचच्या मापाने ठेवलेले असते. यंत्र खोटे बोलले नव्हते. ते आपल्या घड्याळाप्रमाणे खरेच सांगत होते. आम्ही ते आमच्या घड्याळाने वाचले. त्या साडेपाच तासांच्या फटीत एक मुलगा सापडला होता.

एवढ्यावरच भागले असते तरी अज्ञानाची सबब सांगता आली असती. पण आता आम्ही नोंदीतील शेवटच्या ओळीच्या वर नजर टाकली. तेथे आणखी दोन ओळी होत्या. पंखा क्रमांक दोन: गती शून्य. प्रोसेसरचे तापमान: मर्यादेबाहेर. मागील प्रत्येक प्रसंगी याच दोन ओळी, याच क्रमाने, शेवटच्या ओळीवर लिहिलेल्या होत्या. स्वच्छ इंग्रजीत होत्या, आणि इंग्रजी आम्हांस वाचता येते. ज्या दिवशी त्या मुलास बोलाविले त्या दिवशीही त्या पडद्यावर होत्या. आम्ही वाचल्या नाहीत. कारण आम्ही बिघाड शोधीत नव्हतो, बिघडविणारा शोधीत होतो, आणि त्यासाठी वेळेचा रकाना पुरेसा होता.

पुढील काम तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, एका इंजिनिअराने दूरध्वनीवरून आमच्याकडून करवून घेतले. त्याची रीत सांगण्यासारखी आहे. पंखा थांबतो हे खरे. पण दोष पंख्याचा, की त्यास वीज पुरविणाऱ्या जोडाचा? त्याने दोन आणि तीन क्रमांकांचे पंखे एकमेकांच्या जागी बसवावयास सांगितले. दुसरे काही म्हणता काही हलवू दिले नाही. दोष जागेवरच राहिला तर जोड वाईट; दोष पंख्याबरोबर चालता झाला तर पंखा वाईट. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद आली: पंखा क्रमांक तीन, गती शून्य. पंख्याची बेअरिंग झिजलेली होती. सकाळच्या गारव्यात तो फिरे, तापला की अडे. रॅम असो, डिस्क असो, वीजपुरवठ्याचा डबा असो, रीत हीच: एका वेळी एकच बदल, बदल करण्यापूर्वी अपेक्षा लिहून ठेवणे, आणि झालेला परिणाम आपल्यास आवडो न आवडो, लिहिणे. तांबूस दिव्याचाही उलगडा झाला. तो डिस्कचा नव्हताच. यंत्रास कोठेही काही होत असेल तर लागणारा तो सामाईक दिवा होता.

या शास्त्राच्या इतिहासात नोंदवहीस मोठा मान आहे. १९४७ च्या ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकात बिघाड झाला. ग्रेस हॉपर या विदुषी ज्या चमूत होत्या, त्या चमूतील मंडळींनी शोध घेतला तेव्हा सत्तर क्रमांकाच्या रिलेत अडकलेला एक पतंग सापडला. तो त्यांनी चिकटपट्टीने वहीतच डकविला. शेजारी वेळ लिहिली, दुपारचे पावणेचार. कोणावर ठपका नाही. काय, कोठे आणि केव्हा, एवढेच. ती वही आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे.

सगळेच पतंग सापडतात असे नाही. २००३ च्या मे महिन्यात बेल्जियममधील स्कारबेक येथे मतदानयंत्रांच्या मोजणीत एका उमेदवारास ४,०९६ मते अधिक पडलेली दिसली. शक्य होती त्याहून मते जास्त, म्हणून चूक लक्षात आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या स्मृतीतील एकच शून्य उलटून एक झाले की नेमका एवढाच फरक पडतो. यंत्र पुनःपुन्हा तपासले, दोष आढळला नाही. अंतराळातून आलेल्या एखाद्या सूक्ष्म कणाने तो ठोका उलटविला असावा, असा तर्क तेवढा उरला. त्या लोकांनी मतमोजणीच्या कारकुनास मात्र फासावर चढविले नाही, ही गोष्ट आम्हांस त्या तर्काहून अधिक मोलाची वाटते.

कारण उलट उदाहरणही आहे. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या संगणकप्रणालीने हिशेबात तूट दाखविली, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपटपालकांस अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. तेथील दोष यंत्रसामग्रीचा नसून प्रणालीचा होता. पण वाट तीच. ‘यंत्र खोटे बोलते काय?’ हाच प्रश्न त्यांना न्यायालयात विचारला गेला. कोणी घरे गमावली, कोणी तुरुंग पाहिला. त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. तोवर त्यांतील कित्येक मृत्यू पावले होते. हे वर्तमान आम्ही वाचले तेव्हा त्या मंडळींच्या चेहऱ्यांच्या जागी आम्हांस एकच चेहरा दिसत होता.

आणि फार दूर कशाला जावे? २०१३ च्या फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. बिघाड शोधीत कोणी जनित्र खोलून बसला असता तर जन्मभर बसून राहिला असता. संच चांगले होते. दुष्काळामुळे त्यांस पाणीच उरले नव्हते. लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे, हे या जिल्ह्याने एवढ्या ठळकपणे दाखविले असताना आम्ही शिकलो नव्हतो.

असो. पंखा येण्यास आठवडा होता. पण त्यापूर्वी एक काम उरकावयाचे होते, आणि ते दूरध्वनीवरून होण्यासारखे नव्हते. तो मुलगा आईबापांसह त्यांच्या गावाजवळील छावणीत असल्याचे कळले. मोटारसायकलवरून तेथे पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. हिरव्या जाळीच्या सावल्यांखाली जनावरांच्या रांगा, टँकरभोवती गर्दी, चाऱ्यासाठी आणलेल्या उसाच्या मोळ्या. ज्यांनी सारा हंगाम ऊस तोडला तेच आता आपल्या बैलांसाठी ऊस मोजून घेत होते. त्यांचे दोन बैल आणि एक गाय. मुलगा कुट्टी करीत होता. आम्हांस पाहताच त्याच्या वडिलांनी उठून घोंगडी झटकली, बसावयास दिली.

वाटेत आम्ही बरीच वाक्ये जुळविली होती. त्यांतील एकही कामी आले नाही. यंत्राचे घड्याळ साडेपाच तास मागे होते, आम्ही पूर्ण नोंद वाचली नाही, तू खरे बोलत होतास आणि आम्ही तुझ्यावर अन्याय केला, एवढेच आम्ही त्याच्या वडिलांच्या समोर सांगितले. समोर सांगितले, कारण त्यांना कारण न सांगताच तो घरी आला होता. पापनिवेदन ऐकण्यात आमची इतकी वर्षे गेली. ते करणाऱ्याच्या घशाला कशी कोरड पडते, हे त्या दिवशी नव्याने समजले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पंखा बसवला का?”

“यायचा आहे.”

“नुसत्या पंख्यानं भागायचं नाही, फादर. आतली धूळ काढावी लागंल. शेजारच्या जिनिंगमधला कापूस उडून त्या खोलीत येतो. मी मागं बोललो होतो तुम्हाला.”

बोलला होता. ऐकल्याचे आम्हांस अंधूक आठवले.

त्याचे वडील मध्येच म्हणाले, “त्याला खोटं बोलता येत नाही जी, लहानपणापास्नं. मुकादमाम्होरं सुद्धा नाही.” त्यात तक्रार नव्हती. ते केवळ माहिती देत होते, आणि आमच्यापाशी दहा वर्षे राहिलेल्या मुलाविषयीची ती माहिती आमच्यापाशी आधीच असावयास हवी होती.

नवा पंखा बसविल्यावर यंत्र बंद पडेनासे झाले. पण दुपारचे तापमान धोक्याच्या रेषेच्या जेमतेम चार अंश खाली राही. मग तो एका रविवारी आला. तार काढली, झाकण उघडले. प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या ठोकळ्यात धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमदा बसला होता. ब्लोअरने तो उडविला. ठोकळा उचलला, त्याखालील पेस्ट वाळून खपली झाली होती. ती खरवडून नवी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तापमान पूर्वीपेक्षा चौदा अंशांनी उतरले होते. त्याने तो आकडा वहीत लिहिला, वेळ लिहिली, आणि वेळेपुढे ‘भारतीय’ असा शब्द लिहिला.

कचेरीच्या कामावर परत येण्याविषयी आम्ही त्यास विचारले. “नको, फादर,” एवढेच तो नम्रपणे म्हणाला. पुढे बीड शहरात संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात त्याने काम धरले आणि शिक्षणही पुरे केले. नाताळला तो येतो, यंत्राचे झाकण उघडून पाहतो, जेवून जातो. आमच्याशी आदराने बोलतो. पूर्वी तो न सांगता आमच्या खोलीत येऊन पेपर घेऊन बसत असे. आता दार वाजवितो. पंखा बदलता आला. हे बदलण्याचा सुटा भाग कोठे मिळत नाही.

यंत्राच्या त्या चकतीचे घड्याळ भारतीय वेळेस लावून द्यावे, असे लेखनिकांनी सुचविले होते. आम्ही ते तसेच ठेविले आहे. कोणतीही नोंद वाचण्यापूर्वी आम्हांस वहीवर वजाबाकी मांडावी लागते. आणि ती मांडेपर्यंत जो अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात शेवटच्या ओळीच्या वरच्या ओळीही वाचून होतात.